न सांगता आलेल्या गाडीला जेवण द्यावं का?

फाट्यावरची ताई

नमस्कार मंडळी. कारंजा-मानोरा रस्त्यावर एका फाट्याला आमची खानावळ आहे. आत सहा टेबलं, बाहेर निंबाखाली दोन बाजा. गिऱ्हाईक ठरलेलं: तहसीलच्या कामाला आलेले, शाळेचे सर, खताच्या गाडीवाले, हंगामात सोयाबीन-कापूस घेऊन जाणारे. त्यांचा अंदाज मला बरोबर येतो. अडीच-तीनला कणकेची परात रिकामी होते आणि मी भांडी घासायला काढते.

आता समृद्धीवरून कारंज्याला उतरणाऱ्या गाड्या वाढल्या. गुरुमंदिर करायचं, मग पोहरादेवी, वेळ उरला तर माहूर. कोणाचं काही ठरलेलं नसते. परवा सव्वातीनला एक ट्रॅव्हल्स थांबली, चाळीसेक माणसं उतरली. "ताई, साधंच काही लावा, घाई आहे." साधंच म्हणजे पोळ्या, दोन भाज्या, वरण, भात, आणि पापड असला तर पापड. तासभर लागेल म्हटलं, हो म्हणाले. वीस मिनिटांत अर्धे लोक गाडीत जाऊन बसले, ड्रायव्हरचा हॉर्न सुरू, आणि इकडे माझी चार किलो कणिक भिजवलेली. जे जेवले त्यांनी वरून भांडण केलं, भाजी दुसऱ्यांदा वाढली नाही तर पैसे कमी करा म्हणून.

सासूबाई म्हणतात, दारात आलेल्याला नाही म्हणू नये. यांचं म्हणणं, तीनला शटर ओढून घे. तुमच्यात फिरणारेही आहेत आणि या धंद्यातलेही. न सांगता एवढी माणसं आली तर जेवण द्यावं की सरळ हात जोडावे?

वऱ्हाडी ठेचा

ताई, मी असतो तं चाळीस लोकं उतरतांनी पाहून मागच्या दारानं निंघालो असतो आन् त्याइच्याच गाडीत बसून माहूरले गेलो असतो.

मोर्शीचा आचारी

ताई, सगळा घोळ पोळीनं केला. एका तव्यावर लाटणारी वेगळी, शेकणारी वेगळी असली तरी तासाला शंभराच्या वर पोळ्या निघत नाहीत. चाळीस माणसं, माणशी तीन धरा, झाल्या १२०. शेवटच्याच्या ताटात पोळी पडायला सव्वा तास, आणि त्यात कणिक भिजवून मुरायचा वेळ धरलेलाच नाही. अचानक आलेल्या गर्दीला पोळी कबूलच करायची नसते.

भात, फोडणीचं वरण, झुणका, ठेचा, कांदा. बस. चाळीस जणांना भातावर भागवायचं तर पाच किलो तांदूळ, दोन किलो तूरडाळ. भाताचं आधण येईपर्यंत डाळ कढत पाण्यात झाकून ठेवा, लवकर शिजते. दोन मोठ्या शेगड्या असल्या की पाऊण तासात पंगत बसते. झुणका मात्र लोक ताटावर बसल्यावरच टाका. आधी करून ठेवला की त्याचा गोळा होतो आणि वाढणारा उलथनं घेऊन खणत बसतो. ज्वारीचं पीठ घरात आहे म्हणून भाकरीच्या नादी लागू नका, थापणारे हात दोनच असतात.

उरलेल्या कणकेत थोडं कोरडं पीठ, ओवा, तिखट, मीठ चोळून घट्ट करा आणि संध्याकाळच्या चहासोबत पुऱ्या काढा. उन्हाळ्यात रात्रभर ठेवली तर सकाळी आंबलेली निघते.

अचानक निघालेला

त्या गाडीतल्यांची बाजू मी मांडतो, कारण मी तसाच आहे. नोकरी नागपुरात. शुक्रवारी रात्री साडेअकराला ग्रुपवर "उद्या लोणार?" असं पडतं आणि सकाळी सहाला आम्ही समृद्धीवर असतो. ठरवलेल्या सहली आमच्या होतच नाहीत. गोव्यासाठी काढलेला ग्रुप अजून चालू आहे, त्यावर आता फक्त वाढदिवसाचे केक येतात.

११ डिसेंबर २०२२ ला नागपूर-शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला तेव्हा वाटेत खायची मारामार होती. जून २०२५ पासून पूर्ण ७०१ किलोमीटर खुला आहे, पण घरच्यासारखं ताट पाहिजे तर आजही इंटरचेंजला उतरून गावात शिरावं लागतं. टोल उतरलात तिथवरचा कापला जातो, चढलात की पुन्हा सुरू. म्हणून लोक एकदाच उतरतात आणि जिथे पहिला तवा दिसेल तिथे ब्रेक मारतात. यात कोणाला छळायचा हेतू नसतो. ताई, तुमचा नंबर मॅपवर टाका. फोन करायला आमची हरकत नाही, करायचा कोणाला तेच कळत नाही.

मोर्शीचा आचारी

@अचानक निघालेला, सकाळी सहाला निघता तेव्हा दुपारी भूक लागणार हे माहीत असतेच ना भाऊ? मग हे अचानक कसं?

बसमधल्या बाई

सगळे पोळीवर बोलताहेत म्हणून जरा वेगळं लिहिते. आम्ही बायका प्रवासात जेवणासाठी थांबा शोधत नाही. संडास कुठे धड आहे ते आधी बघतो, मग तिथे जे मिळेल ते खातो. नोकरीमुळे दारव्हा, दिग्रस, पुसद या पट्ट्यात माझं येणं-जाणं असतं. कोणत्या ढाब्यावर दाराला आतून कडी आहे, कोणत्या ठिकाणी बादली आहे पण पाणी घ्यायला मग नाही, हे मला तोंडपाठ आहे. एका ठिकाणी पनीरचे सतरा प्रकार आणि संडासाला दारच नाही, गोणपाट. मालक गल्ल्यावरून सांगतो, "जा ना ताई, कोणी येत नाही." अहो, पण मी आले आहे ना!

ताई, तुमच्याकडे ती गाडी का थांबली असेल? मला तर तेच कारण दिसतं.

फाट्यावरची ताई

बाई, बरोबर ओळखलं. मागच्या वर्षी मागे दोन संडास बांधले, टाइल्स लावून, बाहेर हात धुवायला नळ. सासूबाई स्वतः पाणी टाकून घेतात. त्या दिवशी आधी बायकाच उतरल्या, रांग तिकडेच लागली. जेवायचं नंतर सुचलं त्यांना.

स्टेअरिंगवाला

ट्रॅव्हल्सवर आहे म्हणून खरं काय ते सांगतो, राग मानू नका. मोठ्या ढाब्यावर ड्रायव्हर-क्लीनरला जेवण फुकट, वेगळ्या खोलीत, गरम पोळी. वर जितके पॅसेंजर तितकं पाकीट. त्यामुळे कुठे थांबायचं हे पॅसेंजरच्या भुकेवर ठरत नाही. एका हायवेवरच्या ढाब्यावर तर आम्हाला ताजी भाजी आणि पॅसेंजरला सकाळची, हे डोळ्यांनी पाहतो आणि गुपचूप खातो. नोकरी आहे.

छोट्या खानावळीला गाडी थांबली म्हणजे मागे कोणाची साखर कमी झालेली असते, नाहीतर पोरगं ओकत असते, नाहीतर बाई म्हणतात तसं. अशा वेळी ताई, पॅसेंजरशी बोलूच नका. ड्रायव्हरला बाजूला घ्या आणि विचारा, किती वेळ थांबणार? खरी वेळ फक्त त्याला माहीत असते. आमची पुढची वेळ ठरलेली असते आणि पॅसेंजर तासाला हो म्हणतो तेव्हा त्याला ते माहीत नसते. पंधरा मिनिटं म्हणाला तर चहा आणि आलूबोंडे, तासभर म्हणाला तर भात टाका. आणि हॉर्नचं म्हणाल तर हॉर्न वाजवल्याशिवाय लोक गाडीत बसतच नाहीत.

लालपरीचा पासवाला

एसटीचं पण लिहू द्या. महामंडळाच्या अधिकृत थांब्यावर ३० रुपयांत चहा-नाश्ता द्यायची योजना आहे, तसा बोर्ड लावायचा असतो. एका थांब्यावर मी तो बोर्ड शोधून काढला. कोल्ड्रिंकच्या फ्रीजमागे होता. तीस रुपयांवाला नाश्ता मागितला तर काउंटरवरचा म्हणे, "तो संपला." सकाळचे आठ वाजले होते. पाण्याची २० ची बाटली २५ ला दिली ती वेगळीच. याची तक्रार कुठे ठोकायची?

वऱ्हाडी ठेचा

तो नाश्ता संपत नसते भाऊ. तो सुरूच नाई झाला.

हिशेबनीस

पासवाल्या दादांसाठी: योजनेची तक्रार आगारात, वेळ आणि गाडी नंबर लिहून द्या. बाटलीचं थोडं गुंतागुंतीचं आहे. टेबलावर बसवून वाढणाऱ्या हॉटेलला एमआरपीपेक्षा जास्त घेता येतात, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१७ चा निकाल आहे, कारण तिथे तुम्ही जागा आणि वाढप यांचेही पैसे देता. पण काउंटरवरून बाटली हातात दिली तर एमआरपीच. तुमची काउंटरवरची असेल तर वैधमापन शास्त्र विभागाकडे तक्रार करता येते.

बाकी बिलाचं. नागपुरात काही ठिकाणी सर्व्हिस चार्ज आपोआप लावतात. तो सक्तीने लावू नये अशा सूचना ४ जुलै २०२२ च्या आहेत आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या कायम ठेवल्या. काढा म्हटलं की काढतात, फक्त सोबतच्या पाहुण्यांसमोर म्हणायची लाज वाटते. आणि जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत (छोट्या धंद्यांसाठी उलाढालीवर ठरलेला सरसकट कर) असलेल्या हॉटेलला गिऱ्हाइकाकडून जीएसटी वेगळा घेताच येत नाही, बिलावर तसं छापावं लागतं.

ताई, तुमची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणीची भानगड तुम्हाला नाही. पण भिंतीवर दोन दर लिहा: मर्यादित ताट इतके, पोटभर इतके. भाजी दुसऱ्यांदा वाढण्याचं भांडण तिथेच मिटते.

बडनेरा जंक्शन

मध्येच उतरण्यावरून रेल्वेचं आठवलं, बऱ्याच जणांना माहीत नसते. ५०० किलोमीटरपेक्षा लांबच्या तिकिटावर वाटेत एक थांबा घेता येतो, हजाराच्या वर असेल तर दोन. पहिला थांबा निघाल्यापासून ५०० किलोमीटर झाल्यावरच. मुंबई-नागपूर ८३७ किलोमीटर आहे. भुसावळ पाचशेच्या आत येते, तिथे नाही चालत, शेगाव पुढे आहे, तिथे चालते. उतरल्याचा आणि पुढे निघाल्याचा दिवस सोडून दोन दिवस राहता येते. आरक्षण काढतानाच खिडकीवर तसं सांगायचं आणि उतरल्यावर स्टेशन मास्तरचा शेरा घ्यायचा. राजधानी, शताब्दी, जनशताब्दीला ही सोय नाही.

बडनेऱ्याला तीन-चार तास मध्ये मिळाले तर स्टेशनवर डुलक्या घेत बसू नका. अमरावती दहा-बारा किलोमीटर, ऑटो मिळतात, अंबादेवी करून जेवून परत येता येते.

परतवाडेकर

पावसाळ्यात चिखलदऱ्याला "सहज" निघणाऱ्यांनी माझं ऐका. शनिवार-रविवारी जुलै-ऑगस्टात वर इतकी गर्दी असते की भज्याच्या कढईभोवती दोन रांगा. मॅगी मिळते, कणीस मिळते, जेवण मिळेल याची खात्री नाही. घाट चढायच्या आधी परतवाड्यात खाऊन घ्या किंवा डबा बांधून घ्या. वर गेल्यावर खवा घ्या, तो चांगला असतो. धुक्यात पॉइंटवर उभं राहून "काहीच दिसत नाही" म्हणणाऱ्यांना जेवणही न मिळाल्यावर ते भांडतात कोणाशी, तर भजेवाल्याशी.

आमच्या ओळखीतले एक जण तर हौसेनं मंगळवारी ताडोब्याला गेले होते. मंगळवारी सफारी बंद असते. त्यांनी गेटवरच्या गार्डाला विचारलं, "वाघ तर आतच आहे ना?"

वऱ्हाडी ठेचा

गार्डानं काय सांगतलं? वाघाले सुट्टी हाय?

तर्रीवाला नागपूर

भात-झुणका वगैरे ठीक. पण ट्रॅव्हल्स थांबली की चना-पोहे आणि वर तर्री. पोहे भिजायला पाच मिनिटं, तर्री सकाळीच गंजभर करून ठेवलेली. चाळीस प्लेटा अर्ध्या तासात. यावर कोणी बोललंच नाही.

मोर्शीचा आचारी

दुपारी सव्वातीनला पोहे? जेवणाच्या वेळी?

तर्रीवाला नागपूर

आमच्याकडे पोह्याला वेळ नसते काका.

एकादशी

विषयांतर होतंय, पण ताईंच्या सासूबाईंशी मी सहमत आहे. शेगावला रोज हजारो लोक न सांगता येतात, महाप्रसाद मिळतोच. मनात असलं की होतं.

वाढपी नंबर एक

शेगावला सेवेकरी आहेत, बिनपगारी, पाळीपाळीनं येतात. ताईकडे सासूबाई आहेत, त्याही एकच.

मी लग्नाच्या जेवणावळींचा धंदा करतो. न सांगता येणारी माणसं म्हणजे काय ते आम्हाला विचारा. मुलीचे वडील पाचशे पाट सांगतात. पण गावात आवतण चूलबंद दिलेलं असते, म्हणजे घरातली सगळी, आलेली पाहुणीसुद्धा. पाचशेचे आठशे होतात आणि साडेतीनला मुलीचा मामा भट्टीपाशी येऊन विचारतो, "आता काय करता?" जसं काही पत्रिका मीच वाटल्या. म्हणून आम्ही सांगितलेल्याच्या वर शंभराला वीस धरून शिधा उतरवतो, पण शिजवत नाही. कोरडा शिधा परत जातो, शिजलेलं जात नाही.

हेच ताईंना सांगतो. गर्दीच्या भीतीनं जास्त शिजवून ठेवू नका. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे ४४-४५ अंश. लोकांना वाटते विषबाधा खव्यानं नाहीतर मठ्ठ्यानंच होते. भातानंही होते. शिजलेला भात गंजात तासन् तास कोमट पडून राहिला की त्यात जिवाणू वाढतात आणि त्यांचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. एकतर ६० अंशांच्या वर कढत ठेवायचा, नाहीतर थोडा थोडा टाकायचा. मी चार खेपांत टाकतो. शेवटची खेप वाफाळती निघते आणि मामा उगाच खूश होतो. मठ्ठ्यात बाहेरचा बर्फ टाकायला मी सरळ नाही म्हणतो, त्यावरून माझी दोन-तीन लग्नं गेली आहेत. जाऊ दे.

वऱ्हाडी ठेचा

दोन-तीन लग्नं गेली? घरी माहीत हाय का?

स्टेअरिंगवाला

@एकादशी ताई, दारात आलेल्याला उपाशी पाठवू नये हे खरं. पण दारात बस आली म्हणजे पाहुणा आला असं नसते. पाहुणा ताट उचलून ठेवतो.

एकादशी

पटलं नाही. म्हाताऱ्या माणसांच्या गाड्या असतात, ती काय फोन करून, क्यूआर स्कॅन करून देवाला जाणार?

अचानक निघालेला

म्हाताऱ्यांच्या गाडीत एक तरी टूर काढणारा असतोच. तो पैसे गोळा करताना बरोबर फोन करतो.

फाट्यावरची ताई

सगळ्यांचे आभार. दोन दिवस घरात यावरच चर्चा चालू होती. काय ठरवलं ते सांगते.

एक ते पाच माणसं कधीही आली तरी नाही म्हणणार नाही, हे सासूबाईंचं राखलं. दहाच्या वर असतील तर एक तास आधी फोन आणि अर्धे पैसे आधी. अडीचनंतर पोळी बंद, भात-वरण-झुणका, आचारी भाऊंच्या हिशेबानं. बोर्डवर दोन दर लिहिले, मर्यादित आणि पोटभर. ड्रायव्हरला विचारायचं काम यांच्याकडे दिलं, मला ते जमत नाही, माझा आवाज चढतो.

मॅपवर नंबर टाकला, भाच्यानं टाकून दिला. पिन मात्र शेजारच्यांच्या गोठ्यावर पडली. पहिली गाडी तिथे जाऊन उभी राहिली आणि त्यांनी म्हशींना हॉर्न वाजवला. आता दुरुस्त केलं आहे.

चहा-आलूबोंड्याचंही ऐकलं. बेसन भिजवून नाही ठेवत, पण आलू उकडून ठेवते, उरले तर रात्री आमच्या भाजीत जातात. पोह्याचं तर्रीवाले भाऊ, इकडे खपत नाही, लोक विचारतात जेवण केव्हा आहे.

हिशेबनीस

आगाऊ पैसे घेता तर रद्द झाल्यास काय, तेही लिहा. नाहीतर पुढचं भांडण तिथे.

फाट्यावरची ताई

लिहिलं. भात टाकायच्या आधी कळवलं तर सगळे परत, नंतर नाही.

बसमधल्या बाई

संडासाचे पैसे घेऊ नका हं मात्र.

फाट्यावरची ताई

नाही घेत. जेवले नाही तरी वापरू देते. नळ बंद करून जा एवढंच म्हणते, तेही कोणी ऐकत नाही.

लालपरीचा पासवाला

ताई, येत्या रविवारी पोहरादेवीला येतोय. आम्ही अकरा जण. तासभर आधी फोन करतो, अर्धे पैसेही टाकतो. पण तीन वाजतील. आमच्यातले एक काका भात खात नाहीत, त्यांना पोळीच लागते.

फाट्यावरची ताई

या. काकांचा नंबर पाठवा, सासूबाई बोलतील.